चित्रमहर्षी दादासाहेब फाळके

३० एप्रिल आणि ३ मे हे दोन दिवस आमच्या शाळेत कधी साजरे होत नाहीत. त्या सुमारास परीक्षा आटोपलेल्या असतात व मुलांना सुटीचे वेध लागलेले असतात. परंतु यांपैकी पहिला दिवस धुंडिराज गोविंद फाळके यांच्या जन्माचा, आणि दुसरा त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाचा होय. जे स्मरण शाळेच्या सभागृहात घडत नाही, ते या वार्षिकात करावे असे आम्ही योजिले आहे. बडोदेकरांना तर त्यासाठी आणखी एक कारण आहे.

दादासाहेबांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे व्यासंगी पंडित. त्यांना मुंबईत अध्यापकाची जागा मिळाल्याने कुटुंब तेथे आले. पोथ्यापुराणांच्या घरात वाढलेल्या या मुलाचा ओढा मात्र रंग व कुंचल्याकडे होता. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे त्याला आमच्या बडोद्याने आपलेसे केले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापिलेल्या कलाभवनात त्याने चित्रकलेबरोबर छायाचित्रण व इतर हस्तकौशल्ये आत्मसात केली. आजच्या सयाजीराव विश्वविद्यालयातील अभियांत्रिकी शिक्षणाचे मूळ याच कलाभवनात आहे. हातात कारागिरी आणि मनात कल्पना असा जो दुर्मीळ योग दादासाहेबांच्या ठायी दिसतो, तो येथे पक्का झाला असे आम्हांस वाटते.

त्यानंतरची वर्षे धडपडीत गेली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य दगावले आणि तो डाव मोडला. पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी धरली; ती स्वदेशीच्या वातावरणात सोडली. मग छापखाना काढला, यंत्रविद्येसाठी जर्मनीस जाऊन आले; पण भागीदारांशी बिनसताच तोही सोडून दिला. चाळिशी गाठलेला हा गृहस्थ लौकिक अर्थाने पुन्हा रिकाम्या हाताने उभा होता.

अशा वेळी मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावरील ती हालती चित्रे पाहता पाहता त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर आणाव्यात, हा एकच ध्यास त्यांना लागला. रात्रंदिवस प्रयोग व अभ्यास यांच्या ताणाने त्यांच्या दृष्टीवरच संकट आले. योग्य उपचार मिळाले म्हणूनच डोळे वाचले. विम्याचे कागद गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र पाहून घेतले आणि कॅमेरा व इतर सामग्री मागवण्याची तजवीज करून परतले. वाटाण्याच्या वेलीची वाढ टिपणारी एक लहानशी फीत त्यांनी तयार केली. ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही पैसा पुरेना, तेव्हा त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने काढून दिले.

सरस्वतीबाईंचा वाटा येथेच संपत नाही. दादरच्या राहत्या जागेत चित्रपटाचे काम चाले. मंडळींचा स्वयंपाक त्या करीत, आणि फितीला भोके पाडणे, ती धुणे ही नाजूक कामेही शिकून पार पाडीत. चित्रपटात काम करण्यास त्या काळी एकही स्त्री तयार होईना. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाची भूमिका फाळक्यांच्या मुलानेच केली. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात जनतेपुढे आला. त्याच चित्रगृहात आदल्या वर्षी दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ झळकला होता, हे येथे सांगितले पाहिजे. मात्र ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. संपूर्ण कथा चित्रपटासाठीच रचण्याचे श्रेय फाळक्यांना दिले जाते.

पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियांसाठी पडद्याचे दार उघडले. ‘लंकादहन’ या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनी केल्या. ‘कालियामर्दन’मध्ये दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली.

परंतु यशाबरोबर भागीदारांशी मतभेद आले. काही काळ ते सारे सोडून काशीस जाऊन राहिले. चित्रपट बोलू लागल्यावर मूकपटाचा जमाना मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांनी उभारलेल्या धंद्यात लक्षावधींची उलाढाल होत होती. त्यांच्या पदरी मात्र त्यातले फारसे काही नव्हते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ साली सुरू झाला, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

विद्यार्थिमित्रांनो, चित्रपट पाहताना नटनटींची नावे आपल्या तोंडी असतात. येत्या ३ मे रोजी, सुटीतल्या एखाद्या निवांत क्षणी, ज्याने डोळे पणाला लावले त्या पुरुषाचे आणि जिने अंगावरचे सोने उतरवून दिले त्या माउलीचे स्मरण तुम्ही करावे, एवढीच आमची विनंती आहे.