रानड्यांच्या घरातील १८७३ साल

सन १८७३ हे वर्ष महादेव गोविंद रानडे यांची कसोटी पाहणारे ठरले. पुण्यात न्यायाधीश असलेल्या रानड्यांचे वय तेव्हा अवघे ३१ वर्षांचे. ऑक्टोबरात पत्नी सखूबाई वारल्या. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता विधवेशीच लग्न करणार, या धास्तीने वडील गोविंदराव यांनी दुःखाचे दिवस सरण्याआधीच स्थळ पाहिले. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ११ वर्षांची कन्या यमुना. रानड्यांनी परोपरीने नकार दिला. घरात त्यांची स्वतःची बहीण दुर्गा विधवा होती. पण ऐकले नाही तर संबंध तुटला, असे वडिलांनी बजावले आणि मुलगा नमला. डिसेंबरात लग्न लागले. सुधारकांनी त्यांना बोल लावला, तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र वडिलांचा शब्द मोडणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

यमुनेची रमाबाई झाली. तिला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी लगोलग तिच्या हाती पाटी दिली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसत ती शिकत राहिली. १९१० साली तिचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा रानड्यांना जाऊन ९ वर्षे झाली होती.