४८ व्होल्टमागचा माणूस

समजा, तुम्ही बोईसरला मित्राच्या रूमवर आहात. चौघांनी पैसे काढून कंडेन्सर माइक मागवलाय. मित्राचे आजोबा भोपळ्याचा तारपा घेऊन खास विक्रमगडहून आलेत. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळे घामाघूम. आजोबा फुंकतात, खोली घुमते आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर... सरळ रेघ. वायर हलवून बघता, माइकवर टिचकी मारून बघता. शेवटी सगळ्यांचं एकमत होतं की माल डुप्लिकेट आहे. तिकडे आजोबांच्या एसटीची वेळ होत आलेली.

थांबा, रिटर्न टाकू नका. ऑडिओ इंटरफेसवर ४८ व्ही लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते दाबलंत का?

ते बटण ज्याच्या कंपनीमुळे आज जगभर आहे, त्या माणसाचं नाव गेऑर्ग नॉयमन. जन्म १३ ऑक्टोबर १८९८, जर्मनीतल्या कोरिन गावचा. शिक्षण बर्लिनच्या एका टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत, हाताने काम करत करत. पुढे तो एईजी कंपनीच्या लॅबमध्ये ऑयगेन राइस यांच्या हाताखाली गेला. राइस यांनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा हाही त्यांच्यासोबत बाहेर पडला. १९२३च्या सुमारास तिथे त्याने कार्बन माइक थेट संगमरवराच्या ठोकळ्यात बसवला. दगड जड, थरथरत नाही, म्हणून आवाज स्वच्छ! तेव्हाच्या रेडिओवाल्यांनी तो उचलून धरला.

पण कार्बनची खरखर काही जात नव्हती. मग त्याचं लक्ष कंडेन्सरकडे गेलं. ही कल्पना त्याची नाही. अमेरिकेत वेंट नावाच्या संशोधकाने १९१६मध्येच असा माइक केला होता. त्याची गंमत समजून घ्या. पापडाहून कितीतरी पातळ असा पडदा आणि त्याच्यामागे केसाएवढ्या फटीवर एक धातूची चकती. आवाजाने पडदा हलतो, फट कमी-जास्त होते आणि त्यातून सिग्नल तयार होतो. पण त्यासाठी दोन्हींच्या मध्ये आधी विजेचा दाब हवा. शिवाय सिग्नल इतका नाजूक की त्याला सावरणारं सर्किट शेजारीच लागतं, आणि त्यालाही वीज लागते. स्टेजवरच्या साध्या डायनॅमिक माइकमध्ये कॉइल आणि चुंबक असतं, तो आपली वीज आपणच तयार करतो. कंडेन्सर मात्र उपाशीपोटी एक अक्षर बोलत नाही.

१९२८मध्ये नॉयमनने भागीदारासोबत बर्लिनमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पहिलाच माइक आणला तो कंडेन्सर. मॉडेल सीएमव्ही ३. साधारण ४० सेंटिमीटर उंच, जवळपास ३ किलो वजनाचा. लोक त्याला नॉयमनची बाटलीच म्हणायचे. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो दिसला. नाझी पुढाऱ्यांची भाषणंही त्यावरूनच घुमली. समोर कोण बोलतंय, हे माइकला कळत नाही, हेही यातून शिकण्यासारखंच.

मग युद्धाने दारावर थाप मारली. १९४३मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा कारखाना बेचिराख झाला. कंपनी उरलंसुरलं सामान घेऊन गेफेल नावाच्या लहानशा गावी गेली. युद्ध संपलं आणि गेफेल सोव्हिएत पट्ट्यात गेलं. नॉयमनने पश्चिम बर्लिनमध्ये पुन्हा शून्यातून सुरुवात केली. त्याच धामधुमीत, १९४७च्या सुमारास, त्याने निकेल-कॅडमियम बॅटरी हवाबंद करण्याची पद्धत शोधली. जुने कॉर्डलेस फोन, रिचार्जेबल टॉर्च वर्षानुवर्षं अशाच बॅटऱ्यांवर चालले. वीज कुठून आणायची, हा प्रश्न या माणसाला सोडतच नव्हता!

१९४९मध्ये आला यू ४७. पुढे फ्रँक सिनात्रा आणि बीटल्स त्याच्यासमोर गायले. तरी एक डोकेदुखी कायम होती. व्हॉल्व्हच्या प्रत्येक माइकला वेगळा पॉवर सप्लायचा डबा, वेगळी जाडजूड केबल. ट्रान्झिस्टर आल्यावर विजेची भूक कमी झाली, पण ती कशी पोचवायची?

१९६६मध्ये कंपनीची माणसं नवा माइक दाखवायला नॉर्वेच्या सरकारी रेडिओकडे गेली. तिथल्यांनी अट घातली की वेगळा डबा नको, ऑडिओच्याच वायरीतून वीज द्या. हिवाळ्यात तिथे दिवस इवलासा, त्यामुळे स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टची लाइन आधीपासूनच होती. तीच वापरली! के एम ८४ हा माइक त्यावर चालला आणि ४८ व्होल्ट हाच जगाचा नियम झाला. म्हणजे हा आकडा कुठल्या महान सूत्रातून आलेला नाही, जे हाताशी होतं त्यातून आलाय. याच सुमारास आपल्या तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. १९६९मध्ये तिथून शेकडो मेगावॉट निघू लागले. माइकला लागतात फक्त काही मिलीअँपिअर, पण तेवढेही मिळाले नाहीत तर सगळा आवाज मुका.

याला फँटम पॉवर म्हणतात, कारण विजेची वेगळी वायर दिसतच नाही. एक्सएलआरच्या तीन पिनांपैकी दोन सिग्नलच्या पिनांवर सारखेच ४८ व्होल्ट, परतीची वाट पहिल्या पिनेवरून. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून चांगल्या केबलवर जोडलेल्या डायनॅमिक माइकला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या रिबन माइकला मात्र यापासून जपा.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी गेन आणि स्पीकर शून्यावर. मग एक्सएलआर केबल जोडा. मग ४८ व्ही चालू. काही सेकंद थांबा आणि गेन हळूहळू वाढवा. काढताना उलटं, म्हणजे आधी बटण बंद, मग केबल. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ४८ व्होल्ट मिळत नाहीत, कितीही कन्व्हर्टर लावा. यूएसबी माइक असेल तर हे काहीच लागत नाही, त्याला यूएसबीतूनच वीज मिळते.

३० ऑगस्ट १९७६ला नॉयमन गेला. कारखाना दोनदा उभा केला, पण त्याचा स्वतःचा आवाज आज किती जणांनी ऐकलाय? त्याने सांभाळले ते दुसऱ्यांचे आवाज.

तुमच्या खोलीत आजोबा अजून बसलेत. एसटीला अर्धा तास आहे. बटण दाबा.