सोनेरी गाडीमागचा माणूस

मंडळी, डायकास्ट गाड्या जमवणाऱ्या कोणालाही त्याच्या कपाटातली सगळ्यात लाडकी गाडी कोणती ते विचारा. बरेच जण एकच नाव घेतील: कॉर्गी कंपनीने काढलेली जेम्स बाँडची सोनेरी ॲस्टन मार्टिन. जस्ताचा मिश्रधातू वितळवून, साच्यात दाबाने भरून केलेली ही गाडी हाताच्या पंजात मावते. १९६५ च्या ऑक्टोबरात ती ब्रिटनमधल्या दुकानांत आली आणि नाताळपर्यंत तिच्यासाठी नुसती झुंबड उडाली. एक बारीक कळ दाबली की छप्पर उघडून शेजारचा बदमाश बाहेर उडायचा. पुढून मशीनगन यायच्या, मागच्या काचेवर गोळ्या अडवणारी ढाल उभी राहायची. खोक्यात एक जादा बदमाशही मिळायचा. पहिला सोफ्याखाली गडप होणार, याची कंपनीला बहुधा खात्रीच असावी!

सिनेमातल्या गाड्या जमवण्याचा छंद आज जगभर पसरलाय. त्यात या गाडीचा वाटा फार मोठा आहे. पण ज्याच्या डोक्यातून बाँड निघाला, तो माणूस हे खेळणं बघायला जिवंत नव्हता. त्याचं नाव इयान फ्लेमिंग. त्याची हेरकथांची बाजू सगळ्यांना ठाऊक असते. मला आज सांगायचीय ती त्याच्यातल्या बापाची गोष्ट.

इयानचा जन्म २८ मे १९०८ चा, लंडनचा. घर श्रीमंत, आजोबा मोठे बँकर, वडील व्हॅलेंटाइन खासदार. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वडील फ्रान्सच्या आघाडीवर गेले. २० मे १९१७ ला ते तिथेच मारले गेले. इयानचा नववा वाढदिवस तेव्हा आठ दिवसांवर आला होता. वृत्तपत्रात मृत्युलेख लिहिला तो व्हॅलेंटाइनच्या मित्राने, विन्स्टन चर्चिलने. असे वडील डोळ्यांसमोर असले की मुलावर किती ओझं येत असेल, विचार करा.

हा मुलगा बरीच वर्षं चाचपडत राहिला. ईटनची शाळा झाली, सँडहर्स्टची लष्करी अकादमी अर्धवट सोडली. मग रॉयटर्समध्ये पत्रकारी केली, १९३३ साली मॉस्कोला जाऊन एका गाजलेल्या खटल्याच्या बातम्या पाठवल्या. बँक झाली, शेअर दलाली झाली, पण मन कशातच रमेना. १९३९ साली नौदलाच्या गुप्तहेर खात्यात ॲडमिरल गॉडफ्रे यांचा मदतनीस म्हणून तो रुजू झाला, आणि गाडी रुळावर आली. सगळं युद्ध त्याने टेबलापाशी बसून योजना आखण्यात काढलं. थरार पाहिला तो बराचसा दुसऱ्यांच्या अहवालांतून.

युद्धानंतर तो संडे टाइम्सच्या वृत्तपत्र समूहात परदेशी बातम्यांचा प्रमुख झाला. नोकरीची अट मात्र झकास होती: दर हिवाळ्यात लांबलचक सुट्टी! (आपल्या मॅनेजरला ही अट कोणी सुचवून बघा.) ही सुट्टी तो जमैकात, समुद्रकाठच्या ‘गोल्डनआय’ नावाच्या आपल्या घरी घालवायचा. १९५२ च्या सुरुवातीला, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याचं ॲनशी लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यांत तिथेच त्याने ‘कसिनो रोयाल’ टाइप करून काढली. नायकाचं नाव त्याने वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाकडून उचललं. जेम्स बाँड हे मुळात एका पक्षिशास्त्रज्ञाचं नाव, बरं का! त्याच वर्षी १२ ऑगस्टला मुलगा झाला, कॅस्पर. फ्लेमिंगचं हे एकुलतं एक अपत्य.

पुढे दर हिवाळ्यात जमैका आणि वर्षाला एक बाँड, असा शिरस्ताच पडला. फ्लेमिंगला स्वतःला गाड्यांचं वेड होतं, त्याने फोर्ड थंडरबर्ड हौसेने चालवली. बाँडला त्याने आधी जुनी बेंटली दिली आणि १९५९ च्या ‘गोल्डफिंगर’ कादंबरीत ॲस्टन मार्टिन दिली. तीत छुपं पिस्तूल होतं, पाठलागासाठी यंत्र होतं. माणूस उडवणारी सीट मात्र पुस्तकात नाही. ती सिनेमावाल्यांची भर. केन ॲडम आणि जॉन स्टीअर्स या जोडीने सिनेमासाठी डीबी-५ गाडी सजवली.

एप्रिल १९६१ मध्ये ऑफिसच्या मीटिंगमध्येच फ्लेमिंगला हृदयविकाराचा झटका आला. वय ५२. दिवसाला ढीगभर सिगारेटी आणि भरपूर दारू, त्याचा हिशेब शरीराने मागितला. हॉस्पिटलात सक्तीची विश्रांती होती आणि टाइपरायटरला मनाई. तेव्हा एका मित्राने सुचवलं, की कॅस्परला झोपताना जी गोष्ट सांगतोस ती कागदावर उतरव. कॅस्पर तेव्हा आठ वर्षांचा होता. फ्लेमिंगने पडल्या पडल्या हाताने लिहायला घेतलं.

ती गोष्ट म्हणजे ‘चिटी चिटी बँग बँग’. भंगारात निघालेली एक जुनी गाडी पॉट कुटुंब घरी आणून दुरुस्त करतं, आणि ती हवेत उडते, पाण्यावर तरंगते. नाव कल्पनेतलं नव्हतं. १९२० च्या सुमारास काउंट झ्बोरोव्स्की या हौशी रेसरने कँटरबरीजवळ विमानाचं इंजिन बसवून अशीच एक अजस्र गाडी बनवली होती. तिच्या नावावरूनच हे नाव घेतलं.

नंतरची तीन वर्षं धावपळीची गेली. ‘डॉ. नो’ सिनेमा १९६२ साली आला, बाँड घराघरात पोचला, आणि ‘थंडरबॉल’च्या हक्कांवरून कोर्टकचेरीही झाली. तब्येत ढासळतच होती. ‘गोल्डफिंगर’चं शूटिंग चाललं असताना तो पाइनवूड स्टुडिओत जाऊन आला. पण १२ ऑगस्ट १९६४ च्या पहाटे कँटरबरीला त्याचा मृत्यू झाला. त्या दिवशी कॅस्परचा बारावा वाढदिवस होता.

पुढच्याच महिन्यात ‘गोल्डफिंगर’ झळकला. ऑक्टोबरपासून ‘चिटी’ची पुस्तकं निघू लागली. वर्षभराने कॉर्गीची सोनेरी गाडी आली. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनाच कोड घेऊन त्यावर नवी फीचर्स चढवलेली. साचा मुळात त्यांच्या आधीच्या डीबी-४ चा होता. सिनेमातला चंदेरी रंग दिला तर खेळणं बिनरंगाचं वाटेल, म्हणून सोनेरी दिला. खरी चंदेरी आवृत्ती १९६८ साली आली. त्याच वर्षी ‘चिटी’चा सिनेमा आला आणि कॉर्गीने तीही गाडी काढली. ब्रेकचा दांडा ओढला की दोन्ही बाजूंनी पंख बाहेर!

लाखो मुलांनी या गाड्या घरभर पळवल्या. ज्या मुलासाठी गोष्ट रचली, त्याच्या वाट्याला मात्र सुख फार आलं नाही. कॅस्पर हुशार पण आतून खचलेला होता. १९७५ साली, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. विल्टशरमधल्या सेव्हनहॅम्प्टन गावी बाप-लेक एकाच ठिकाणी विसावले आहेत.

आज संग्राहक ती गाडी बघतो तेव्हा आधी खोकं तपासतो. गुप्त सूचनांचं पाकीट आहे का, जादा बदमाश आहे का? सगळं असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. रंग उडालेली, बदमाश हरवलेली गाडी स्वस्तात मिळते. माझ्या मते खरी श्रीमंत गाडी तीच, कारण तिच्याशी कोणीतरी मनसोक्त खेळलेलं असतं.

आणखी एक. फ्लेमिंगने ती गोष्ट कागदावर उतरवली म्हणून ती उरली. आपल्याकडे आई-बाबा सहा महिने राहायला येतात, नातवंडांना मराठीत गोष्टी सांगतात आणि विमानात बसून परत जातात. त्या गोष्टी कोण लिहून ठेवतं? या दिवाळीत मुलांना गाडी जरूर आणा, खोक्यातून काढून हातात द्या. आणि आजोबांची एखादी गोष्ट वहीत उतरवून घ्या. पुढल्या वर्षावर टाकू नका.

शुभ दीपावली!