कृष्ण मेनन : कर्तृत्व आणि वाद
माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचे ६ ऑक्टोबर १९७४ रोजी निधन झाले. त्यांच्या कारकिर्दीच्या मूल्यमापनाबाबत मात्र आजही एकमत नाही. लंडनमध्ये इंडिया लीगमार्फत त्यांनी भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. तेथेच उच्चायुक्त असताना जीप खरेदी प्रकरणामुळे ते वादात सापडले. १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरप्रश्नी त्यांनी सुमारे आठ तास भाषण केले. संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी स्वदेशी शस्त्रनिर्मितीला चालना दिली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाली. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाचे खापर त्यांच्यावर फुटले. त्यांच्या राजीनाम्यानंतर यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षण खात्याची धुरा सांभाळली. सैन्याच्या अपुऱ्या तयारीची जबाबदारी मेनन यांना टाळता येत नाही. परंतु चीनविषयक धोरण त्यांचे एकट्याचे नव्हते.