रेव्हरंड टिळकांचा विसावा
नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराचे मूळ १८९३ मधील आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या 'नव्या करारा'त आहे. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या शंका फिटल्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर मोडले. लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. तेव्हा बाप्तिस्म्यालाच त्यांचा विसावा मानणे घाईचे ठरेल. तो त्यांना लाभला तो ख्रिस्ताला तुकोबांच्या वळणाने माउली म्हणून आळविताना, अभंगात. तरीही परकी चौकट त्यांना जाचतच होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे नेले, एकेकाळी दुरावलेल्या लक्ष्मीबाईंनीच.