बेथेलचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्रि

महोत्सवाच्या या पुस्तकांत आमच्या पंथाबाहेरील पुरुषाचें चरित्र पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक. आमच्या मंडळीचे नव्हते. परंतु देऊळ बांधावयाचें तर त्याच्या सावलींत राहणाऱ्या माणसांचीं घरेंहि बांधलीं पाहिजेत, हा विचार ज्यांनीं जालन्याच्या भूमींत प्रत्यक्ष उतरविला, त्यांचें नांव वगळून या जिल्ह्यांतील ख्रिस्ती लोकांचा इतिहास सांगतां येत नाहीं. त्यांना जाऊन शंभरावर वर्षें लोटलीं. एवढ्या काळानंतर पंथभेदाचीं कुंपणें तितकींच उंच ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

निजामाच्या राज्यांतील एका देशस्थ ब्राह्मण घराण्यांत नारायणरावांचा जन्म झाला. शिक्षणासाठीं ते मुंबईस आले आणि डॉ. जॉन विल्सन यांनीं स्थापिलेल्या विद्यालयांत दाखल झाले. १८३९ सालीं धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनीं तेथें बाप्तिस्मा घेतल्यावर उठलेलें वादळ अद्याप पुरतें शमलें नव्हतें. त्यांत १८४३ च्या मे महिन्यांत स्कॉटलंडांतील चर्च दुभंगलें. विल्सन, नेस्बिट प्रभृति मिशनरी नव्या फ्री चर्चमध्यें गेले व विद्यालयाच्या इमारतीवरील हक्क त्यांस सोडावा लागला. अशा निराश्रित गुरूंच्या हातून त्याच वर्षीं १३ सप्टेंबर रोजीं नारायणरावांनीं बाप्तिस्मा घेतला. संस्कार रॉबर्ट नेस्बिट यांनीं केला. गुरूंना छप्पर नव्हतें, आणि शिष्याला वडिलांच्या घराचें दार कायमचें बंद झालें.

पुढील हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. धाकटा भाऊ श्रीपत, बाराएक वर्षांचा मुलगा, वडील बंधूच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या आश्रयास आला. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं मुलगा अल्पवयी ठरवून तो वडिलांच्या स्वाधीन केला. मग प्रश्न निघाला कीं, ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीस जेवलेल्या मुलास जातींत घेतां येतें काय? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीं प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें असा पक्ष धरिला व त्यापायीं सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. आम्हांस या प्रकरणांत सर्वांत अधिक कणव त्या पोराची येते. कोर्टानें, शास्त्र्यांनीं व मिशनऱ्यांनीं त्याच्याविषयीं पुष्कळ वाद घातला. पण एका घरांत वाढलेले दोन भाऊ दोन घरांचे झाले, ते झालेच.

१८५४ सालीं नारायणरावांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. इंदापूर आणि जालना हीं त्यांच्या कार्याचीं क्षेत्रें होत. जालन्यांत ते १८६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत आले. कुंडलिकेच्या कांठीं जुनें गांव, त्यांत वाडे व माळवदाचीं घरें. पूर्वेस १८२७ पासूनची फौजेची छावणी, तेथें ओसरीचे बंगले आणि बराकी. आणि प्रत्येक खेड्याच्या शिवेवर मांगवाडा. नारायणरावांचें लक्ष या तिसऱ्या वस्तीकडे गेलें.

मांग समाजाचें पोट गांवाच्या बलुत्यावर चाले. दोर वळणें, राखण करणें, मंगलप्रसंगीं वाजंत्री वाजविणें हीं त्यांचीं कामें. विहीर मात्र त्यांस शिवतां येत नसे. जोतिराव फुले यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त आला. त्यांत तिनें लिहिलें आहे कीं, पूर्वीं थोरामोठ्यांच्या इमारतींच्या पायांत तिच्या लोकांस तेलशेंदूर पाजून पुरीत असत. दुसऱ्यांच्या घरांच्या पायांशीं ज्यांचें असें नातें, त्यांनीं नवा धर्म स्वीकारला म्हणजे पहिला फटका बलुत्याला आणि राहत्या जागेला बसे. रविवारीं उपासनेस येणारा मनुष्य सोमवारीं कोठें राबणार आणि रात्रीं कोठें निजणार, याचें उत्तर निव्वळ प्रवचनानें मिळण्यासारखें नव्हतें.

नारायणरावांनीं तें उत्तर जमिनींत शोधिलें. हैदराबादचे दिवाण पहिले सर सालार जंग यांच्याकडून त्यांस जालन्याजवळ जमीन मिळाली आणि १८७० च्या सुमारास तेथें बेथेल हें गांव वसूं लागलें. मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणानें ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती उपदेशकास मांगांच्या वसाहतीसाठीं भूमि द्यावी, हा योग विरळाच. देऊळ, शाळा, घरें व शेतें एका ठिकाणीं आलीं. बेथेल म्हणजे देवाचें घर. पित्याचें घर सोडून निघालेला याकोब धोंडा उशास घेऊन उघड्यावर निजला, त्या जागेस त्यानें हें नांव दिलें. नारायणरावांच्या मनांत तें नांव कां आलें असेल, हें त्यांचें तरुणपण ज्यास ठाऊक आहे त्यास सांगावयास नको.

त्याच काळीं इंग्लंडांतहि देऊळ आणि घर यांची सांगड घालण्याचे निरनिराळे प्रयोग चालले होते. आमच्या धर्मांत आलेला शिल्पकार पुजिन यानें १८४३ मध्यें रॅम्सगेट येथें आपलें घर बांधण्यास घेतलें आणि लगतच स्वखर्चानें सेंट ऑगस्टिनचें देऊळ उभारिलें. मध्ययुगीन टोंकदार कमानींवर त्याचा जीव जडलेला. टायटस सॉल्ट यानें १८५३ सालीं ब्रॅडफर्डनजीक सॉल्टेअर येथें आपली गिरणी सुरू केली व तिच्या भोंवतीं मजुरांचीं घरें आणि पुढें देऊळ बांधविलें. लंडनच्या पश्चिमेस बेडफर्ड पार्क ही लाल विटांच्या घरांची वस्ती १८७५ मध्यें आरंभिली गेली. तिचें देऊळ नॉर्मन शॉ यानें आंखलें. तेथें आगगाडी आधीं, घरें मागाहून आणि घरांचें भाडें बांधणाराच्या पदरीं. बेथेलला यांपैकीं एकहि सोय नव्हती. जालन्यास आगगाडी १९०० सालीं आली; तोंवर आणावयाचें तें सारें बैलगाडीनें. आणि भाडें कोण देणार?

या योजनेंत दोष नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. वेगळें गांव वसविलें म्हणजे जुन्या गांवाशीं असलेला संबंध आणखी तुटतो, आणि मिशनच्या जमिनीवर राहणारा मनुष्य मिशनच्या तोंडाकडे पाहूं लागतो. पुढें अनेक ख्रिस्ती वस्त्यांस हा अनुभव आला. आमच्याहि वस्त्या त्यास अपवाद नाहींत. तथापि विहिरीवर मज्जाव असलेल्या माणसास त्या वेळीं दुसरी कोणती विहीर दाखवितां आली असती, हें टीका करणारानें सांगावें.

१८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस नारायणराव गेले. अंगावर देशी पोषाख, डोक्यास पागोटें. धर्म बदलला तरी वेष त्यांनीं टाकला नव्हता. अमेरिका व स्कॉटलंड येथें त्यांनीं आपल्या कार्याची ओळख करून दिली. १८९१ सालीं अशाच एका परदेशप्रवासांत समुद्रावर जहाजांतच त्यांचा अंत झाला.

त्यानंतर जालन्याचें रूप पालटलें. १९०३ मध्यें छावणी उठली. १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली आणि १९८१ मध्यें जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. स्कॉटिश मिशनच्या पश्चिम हिंदुस्थानांतील मंडळ्या १९७० सालीं नागपूर येथें स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत मिळाल्या. बेथेल हें नांव मात्र जालन्याच्या लोकांच्या तोंडीं राहिलें.