डॉ. भीमराव आंबेडकर व अमेरिकेची राज्यघटना

अमेरिका हे नाव मिरजेत कोणास परके नाही. अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांनी 1894 साली येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून त्या देशाची माणसे आपल्या गावात वावरत आली. त्या देशाचा राज्यकारभार कोणत्या तत्त्वांवर चालतो, याचा मात्र आपण सहसा विचार करीत नाही. तो विचार ज्यांनी कसून केला, आणि त्यातील काय घ्यावे व काय टाकावे हे ज्यांस एका अफाट राष्ट्राकरिता ठरवावे लागले, ते डॉ. भीमराव आंबेडकर इंग्रजी शाळेत प्रथम दाखल झाले ते आपल्या शेजारच्या सातारा शहरी.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पेन्शनीनंतर हे कुटुंब काही काळाने साताऱ्यास येऊन राहिले व तेथेच मातोश्री भीमाबाई निवर्तल्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत नोंदले गेले. वर्गात बसावयास त्यांनी घरून गोणपाट न्यावे व सायंकाळी तेच परत आणावे. तहान लागल्यास शिपायाने वरून पाणी ओतावे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानेने तसेच राहावे, असा त्या शाळेतील नेम होता.

पुढील वर्षीचा एक प्रसंग तर आपल्या मिरज–पुणे रेल्वेमार्गावरच घडला. वडील खटाव तालुक्यात नोकरीस होते. त्यांस भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे वडीलबंधू व आप्त असलेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. मुले महाराची आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांस नेण्यास राजी होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी व आपण पायी चालावे, या अटीवर एक जण तयार झाला. वाटेत टोलनाक्यावर रात्र काढावी लागली. शिदोरी जवळ होती. परंतु पाणी कोणी देईना, म्हणून मुले अन्नासही न शिवता निजली. कराडकडून पुण्यास जाताना आपली गाडी आजही मसूरवरून जाते.

पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलातून 1907 साली ते मॅट्रिक झाले व 1912 साली बी. ए. झाले. 1913 च्या फेब्रुवारीत पितृवियोग झाला. त्याच वर्षी बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विश्वविद्यालयात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्रात सेलिग्मन व तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई यांसारखे गुरू त्यांस लाभले; पैकी ड्यूई यांच्या विचारांचा ठसा त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत दिसतो. 1915 साली ते एम. ए. झाले.

आता त्या देशाच्या घटनेविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. 1787 साली फिलाडेल्फिया येथे 55 प्रतिनिधी जमले व त्यांनी जी घटना रचली तिचे मर्म असे की, सत्ता एका हाती राहू नये. कायदे करणारी काँग्रेस निराळी, ते अमलात आणणारा अध्यक्ष निराळा, व न्याय देणारे न्यायालय निराळे. शिवाय घटक राज्यांचे अधिकार वेगळे राखलेले. अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो व काँग्रेसचा विश्वास गमावल्याने तो पायउतार होत नाही. 1791 साली दहा दुरुस्त्यांनी नागरिकांचे हक्क घटनेत लिहिले गेले.

रचना सुंदर खरी. पण तिच्या पायात एक मोठी खोट होती. सर्व मानव समान आहेत असे 1776 साली जगास सांगणाऱ्या त्या राष्ट्राने आपल्या घटनेत गुलामगिरी कायम ठेवली, इतकेच नव्हे, तर प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलाम मनुष्य तीन पंचमांश मोजला. भीषण यादवी युद्धानंतर 1865 साली तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली, चौदाव्या व पंधराव्या दुरुस्तीने समान संरक्षण व मताधिकार आले. तरी दक्षिणेतील राज्यांनी नाना युक्त्यांनी ते हक्क कागदावरच ठेवले. 1896 साली वरिष्ठ न्यायालयाने वेगळे ठेवणे म्हणजे असमान वागविणे नव्हे, असा निकाल दिला, आणि तो शाळांपुरता 1954 पर्यंत फिरला नाही. साताऱ्यास गोणपाटावर बसलेला विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये शिकत असता त्या देशात असा कायदा चालू होता! उत्तम घटना असूनही मनुष्य अस्पृश्यवत राहू शकतो, हे त्यांस तेथे पाहावयास मिळाले असले पाहिजे.

स्वदेशी परतल्यावरचे त्यांचे कार्य सुविदित आहे. 1920 च्या मार्चात कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथील परिषदेत श्री शाहू महाराजांनी त्यांचा गौरव केला. 20 मार्च 1927 रोजी त्यांनी महाडच्या तळ्याचे पाणी प्राशन केले. या सर्वांचा विस्तार येथे करीत नाही.

1947 च्या आरंभी त्यांनी घटनेविषयी एक निवेदन सिद्ध केले. त्यात त्यांनी अमेरिकेप्रमाणे मुदतबंद, मध्येच न हटविता येणारे कार्यकारी मंडळ सुचविले होते. बहुसंख्य जमातीच्या पक्षाने आपल्याच लोकांचे मंत्रिमंडळ बनविले, तर अल्पसंख्याकांचा वाली कोण, ही त्यांची चिंता होती. हक्कांची कित्येक कलमे तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसाठी झालेल्या दुरुस्त्यांच्या व कायद्यांच्या धर्तीवर रचली होती. त्याच ऑगस्टात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी त्यांनी घटना समितीपुढे मांडला तो मसुदा संसदीय पद्धतीचा! अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, आपल्या पद्धतीत जबाबदारी अधिक. मंत्र्यांस प्रश्नोत्तरांनी रोजच्या रोज जाब द्यावा लागतो, म्हणून जबाबदारी पसंत केली, असे त्यांनी सांगितले.

हा मतबदल काहींस खटकतो. संसदीय पद्धतीचा निर्णय घटना समितीच्या धुरीणांनी आधीच घेतला होता, हे खरे. परंतु त्यांनी केवळ मान तुकविली असे मला वाटत नाही. अमेरिकेतील ज्या दोन गोष्टींनी दुर्बलांचा घात झाला, त्या त्यांनी मसुद्यात येऊ दिल्या नाहीत. तेथे संघाचे व राज्याचे नागरिकत्व अशी दुहेरी व्यवस्था आहे, न्यायालयेही दुहेरी आहेत. येथे सर्वांस एकच नागरिकत्व व एकाच न्यायव्यवस्थेचा आधार. अस्पृश्यता 17 व्या कलमाने नष्ट झाली, आणि हक्क हिरावला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची मुभा 32 व्या कलमाने मिळाली. या 32 व्या कलमास तर ते घटनेचा आत्मा समजत. दुरुस्तीची वाटही त्यांनी सोपी ठेवली. अमेरिकेत त्यास काँग्रेसच्या दोन तृतीयांश मतांखेरीज तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते.

25 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी अमेरिकेतीलच एका ख्रिस्ती मंडळीची गोष्ट सांगितली. प्रार्थनापुस्तकात आमच्या राष्ट्रास आशीर्वाद दे, असे शब्द घालण्याची सूचना झाली व मान्यही झाली. पण दुसऱ्या दिवशी राष्ट्र या शब्दासच हरकत निघाली व त्याऐवजी या संयुक्त संस्थानांस, असे शब्द आले. त्या लोकांस आपण एक राष्ट्र आहो असे वाटावयास इतका विलंब लागला, तर हजारो जातींत विभागलेल्यांनी आपण राष्ट्र झालो असे कसे मानावे, हा त्यांचा प्रश्न होता. राज्यात प्रत्येकास एक मत व मताला एक किंमत, आणि समाजात मात्र विषमता, हा विरोध लवकर मिटविला नाही तर उभारलेली लोकशाही कोसळेल, असाही इशारा त्यांनी तेथे दिला. दुसऱ्या दिवशी घटना संमत झाली.

1952 च्या जूनमध्ये कोलंबिया विश्वविद्यालयाने त्यांस पुन्हा न्यूयॉर्कला बोलावून सन्मानाची पदवी अर्पण केली. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले व मुंबईस दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. साताऱ्याची ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने चालू आहे.